लहान मुलांचे उन्हापासून संरक्षण

लहान मुलांचे उन्हापासून संरक्षण म्हणजे तान्ही बाळे, रांगती-चालती मुले आणि शाळेच्या पहिल्या इयत्तांमधील बालके यांना सूर्यप्रकाशातील अतिनील किरण व उन्हाळ्यातील तीव्र उष्णता यांपासून होणारे अपाय टाळण्यासाठी योजलेले उपाय होत. यांत त्वचा व डोळे यांची काळजी, शरीरातील पाण्याचा तोल राखणे, उष्माघाताची लक्षणे वेळीच ओळखणे आणि घर, शाळा, अंगणवाडी व पालकांच्या कामाच्या ठिकाणी मुलांसाठी सावलीची सोय करणे या बाबींचा समावेश होतो. लहान मुलाला आपल्याला काय होत आहे हे सांगता येत नाही, स्वतः उठून सावलीत जाता येत नाही व पाणी मागता येत नाही. त्यामुळे या वयात संरक्षणाची जबाबदारी सर्वस्वी मोठ्या माणसांवर येते.

ऊन आणि उष्णता : दोन वेगळे धोके

बोलीत 'ऊन लागले' असे म्हटले जाते तेव्हा दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र येतात. पहिली, सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा त्वचेवर व डोळ्यांवर होणारा परिणाम. आणि दुसरी, सभोवतालच्या उष्णतेमुळे शरीराचे तापमान वाढणे. दोहोंचे मूळ सूर्य हेच असले, तरी त्यांचे वर्तन निराळे असते.

अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांची ऊबही जाणवत नाही. तरंगलांबीनुसार त्यांचे अ, ब व क असे तीन प्रकार केले जातात. 'क' किरण वातावरणातच पूर्णपणे शोषले जातात. 'ब' किरणांचा मोठा भाग ओझोनच्या थरात अडतो. जो थोडा जमिनीपर्यंत पोहोचतो तो त्वचा भाजण्यास मुख्यत्वे कारणीभूत असतो. 'अ' किरण त्वचेत अधिक खोल जातात व दीर्घकाळाने तिचे नुकसान करतात. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी बहुतांश 'अ' प्रकारचे असतात. विरळ ढगांतून अतिनील किरणांचा मोठा भाग आरपार येतो. त्यामुळे हवा थंड व आभाळ झाकोळलेले असतानाही त्वचा भाजू शकते. समुद्रसपाटीपासून दर १००० मीटर उंचीमागे या किरणांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते. ताजे हिम ८० टक्क्यांपर्यंत, तर समुद्रकाठची कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परावर्तित करते. म्हणून पुळणीवर छत्रीखाली बसलेल्या मुलापर्यंतही काही किरण खालून पोहोचतात.

उष्णतेचे गणित याहून वेगळे आहे. सूर्य कलल्यावर अतिनील किरण झपाट्याने कमी होतात. परंतु हवा, भिंती, पत्रे व डांबरी रस्ते यांत साठलेली उष्णता दुपार उलटल्यावरही बराच काळ टिकते. दिवसाच्या कमाल तापमानाची वेळ साधारणतः मध्यान्हानंतर दोन ते तीन तासांनी येते. सावलीत, घरात किंवा रात्रीच्या वेळीही मुलाला उष्णतेचा विकार होऊ शकतो. म्हणूनच केवळ 'उन्हात जाऊ नको' एवढी सूचना पुरेशी ठरत नाही.

लहान मुलांना अधिक धोका का

वजनाच्या मानाने लहान मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढापेक्षा जास्त असते. भोवतालची हवा शरीरापेक्षा उष्ण असेल, तर या मोठ्या पृष्ठभागातून बाहेरची उष्णता शरीरात लवकर शिरते. मुलांना घाम प्रौढांच्या तुलनेत कमी येतो. त्यामुळे घामाच्या बाष्पीभवनाने शरीर थंड करण्याची त्यांची क्षमता मर्यादित असते. त्यांच्या शरीरातील पाण्याची देवघेव वेगाने होते. दोन-चार जुलाब किंवा उलट्या झाल्या तरी पाण्याचा साठा चिंताजनक पातळीपर्यंत घटू शकतो.

अर्भकाच्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर पातळ असतो आणि अतिनील किरणांपासून बचाव करणारे मेलॅनिन हे रंगद्रव्य या वयात पुरेशा प्रमाणात काम करत नाही. मुलांच्या डोळ्यातील भिंग अधिक पारदर्शक असल्याने प्रौढांच्या तुलनेत जास्त अतिनील किरण आतील पडद्यापर्यंत पोहोचतात. त्वचेला होणारी हानी आयुष्यभर साठत जाते. बालपणी त्वचा वारंवार भाजली असल्यास पुढे मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

सावळ्या व काळ्या त्वचेत मेलॅनिन अधिक असल्याने भारतीयांमध्ये त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण गोऱ्या लोकांच्या तुलनेत कमी आढळते. मात्र या संरक्षणाचा उष्माघाताशी काहीही संबंध नाही. शिवाय सावळ्या त्वचेवर भाजल्याची लाली चटकन दिसत नाही; त्वचा स्पर्शाला गरम लागणे, ताणल्यासारखी होणे व हात लावताच मूल रडणे यांवरून ती ओळखावी लागते. मुलाला अंगभूत रंगद्रव्य कमी असण्याचा जन्मजात विकार असेल, तर त्याला ऊन अधिक जपावे लागते.

महाराष्ट्रातील उन्हाळा

महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने मे ते ऑगस्ट या काळात राज्याच्या प्रत्येक ठिकाणी वर्षातून दोनदा सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. या दिवसाला 'शून्य सावली दिवस' म्हणतात. मुंबई व पुण्यात तो मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास, तर नागपुरात मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात प्रथम येतो. सूर्य माथ्यावर असताना किरणांना वातावरणातून कमीत कमी अंतर कापावे लागते. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या पुढे जाऊ शकतो.

उन्हाळ्याचे स्वरूप प्रदेशानुसार बदलते. विदर्भात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर व अकोला येथे मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसपलीकडे जाण्याचे प्रसंग अनेकदा येतात. तेथील हवा कोरडी असल्याने घाम क्षणात सुकतो आणि मुलाच्या शरीरातून किती पाणी गेले हे लक्षात येत नाही. सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो तेव्हापासूनचे नऊ दिवस विदर्भात 'नवतपा' म्हणून ओळखले जातात. कोकणात पारा तुलनेने कमी चढतो, परंतु हवेतील दमटपणामुळे घाम सुकत नाही. ३५ ते ३७ अंशांतही मूल कासावीस होते.

भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४०, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश सेल्सिअस झाल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार केला जात नाही. त्यानंतर ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असेल तर उष्णतेची लाट आणि ६.४ अंशांहून जास्त असेल तर तीव्र लाट मानली जाते. प्रत्यक्ष तापमान ४५ अंश झाल्यास लाट व ४७ अंश झाल्यास तीव्र लाट असाही निकष आहे. लाट जाहीर झालेली नसतानाही लहान मुलांना उष्णतेचा त्रास होऊ शकतो.

अतिनील निर्देशांक

अतिनील किरणांची तीव्रता दर्शविण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेला निर्देशांक वापरला जातो. ० ते २ कमी, ३ ते ५ मध्यम, ६ ते ७ जास्त, ८ ते १० फार जास्त आणि ११ व त्यापुढे अत्यंत तीव्र असे त्याचे टप्पे आहेत. निर्देशांक ३ किंवा अधिक असताना संरक्षणाचे उपाय योजावेत, अशी शिफारस आहे. हा आकडा हाताशी नसेल तर सावलीचा सोपा नियम लागू पडतो : मुलाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड पडत असेल, तर अतिनील किरण तीव्र आहेत असे समजावे. हा खेळ म्हणून शिकवल्यास चार-पाच वर्षांची मुले स्वतःच सावली मोजून पाहतात.

उन्हामुळे होणारे विकार

त्वचा भाजणे : तीव्र उन्हानंतर काही तासांनी त्वचा लाल, गरम व हुळहुळी होते. बारा ते चोवीस तासांत त्रास सर्वाधिक वाढतो व काही दिवसांनी साल निघते. एक वर्षाखालील बाळाची त्वचा भाजल्यास किंवा कोणत्याही वयाच्या मुलाला फोड, ताप वा थंडी वाजून आल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा लागतो.

घामोळे : घामाच्या ग्रंथींची तोंडे बुजल्याने मान, पाठ, काखा व जांघा येथे बारीक पुरळ येते. अंग कोरडे व हवेशीर ठेवल्यास ते आपोआप बरे होते. तान्ह्या मुलांवर पावडर उधळणे टाळावे; ती श्वासावाटे फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो.

घोळणा फुटणे : कोरड्या हवेने नाकातील नाजूक त्वचा सुकून रक्त येते. मुलाला बसते ठेवून किंचित पुढे वाकवावे व नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे न सोडता चिमटीत धरावा. मान मागे टाकल्यास रक्त घशात उतरते.

निर्जलीकरण : शरीरातील पाणी कमी झाल्यास तोंड कोरडे पडते, रडताना अश्रू येत नाहीत, लघवी कमी व गडद पिवळी होते. लघवीला जळजळ होणे, म्हणजे 'उन्हाळी लागणे', हेही पाणी कमी पडत असल्याचे लक्षण असू शकते. बाळाची टाळू खोल गेलेली दिसणे व मूल सुस्तावणे ही गंभीर लक्षणे आहेत.

उष्णतेचा थकवा : भरपूर घाम, डोकेदुखी, मळमळ, चिडचिड, पायांत गोळे व फिकट चेहरा ही लक्षणे दिसतात. मूल शुद्धीवर असते व नीट प्रतिसाद देते.

उष्माघात : शरीराचे आतील तापमान ४० अंश सेल्सिअसहून अधिक होऊन मेंदूच्या कार्यात बिघाड होतो. मूल असंबद्ध बोलते, झोकांड्या खाते, त्याला झटके येतात किंवा शुद्ध हरपते. अंग तापलेले असते; ते कोरडे असू शकते वा घामानेही भिजलेले असू शकते. घाम येत आहे म्हणून उष्माघात नाही, असे मानणे चुकीचे आहे. उष्माघातात प्राण जाऊ शकतो, म्हणून ही तातडीची स्थिती मानली जाते.

डोळ्यांचे विकार : हिमाच्छादित प्रदेशात वा समुद्रकाठी तीव्र प्रकाशाने बुबुळाला दाह होतो. सूर्याकडे, विशेषतः ग्रहणाच्या वेळी, उघड्या डोळ्यांनी टक लावून पाहिल्यास आतील पडद्याला कायमची इजा होऊ शकते. या इजेच्या वेळी वेदना होत नाहीत, त्यामुळे मूल तक्रार करत नाही.

प्रतिबंधक उपाय

वेळ आणि सावली : दिवसभरातील अतिनील किरणांपैकी सुमारे ६० टक्के सकाळी १० ते दुपारी २ या चार तासांत मिळतात. उष्णतेचाही विचार केल्यास सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत लहान मुलांना बाहेर खेळू न देणे हितावह ठरते. वड, कडुनिंब, आंबा यांसारख्या दाट पानांच्या झाडांची सावली विरळ मांडवापेक्षा चांगली. पत्र्याचे छप्पर ऊन अडवते, पण तापून खाली उष्णता सोडते. सावली सरकते, ही गोष्ट पाळण्यात वा झोळीत निजलेल्या बाळाच्या बाबतीत विशेष ध्यानात ठेवावी लागते. सकाळी सावलीत बांधलेली झोळी दुपारी उन्हात येऊ शकते.

कपडे : येथे दोन धोक्यांच्या गरजा काही अंशी परस्परविरोधी ठरतात. घट्ट विणीचे व गडद कापड अतिनील किरण अधिक अडवते, तर पातळ व फिकट कापड अंगाला थंडावा देते. विरळ मलमलीतून बरेच किरण आत येतात आणि कापड ओले झाले वा ताणले गेले की आणखी येतात. लांब बाह्यांचे, सैल, घट्ट विणीचे व फिकट रंगाचे सुती कपडे हा दोहोंमधला मेळ होय. टोपीला पुढेच झाप असल्यास कान व मान उघडी राहतात. सर्व बाजूंनी कड असलेली टोपी किंवा मानेवर रुळणारा पंचा अधिक उपयोगी. पायांत चप्पल असावी. डांबर, फरशी आणि खेळाच्या मैदानातील लोखंडी घसरगुंडी यांचे तापमान हवेपेक्षा कितीतरी अधिक होते व कोवळी त्वचा काही क्षणांत भाजते. घसरगुंडीवर मुलाला बसवण्यापूर्वी तिला हात लावून पाहावा.

सनस्क्रीन : सहा महिन्यांखालील बाळाला सावली व कपडे यांनीच जपावे, त्याला सनस्क्रीन लावण्याची सर्वसाधारण शिफारस केली जात नाही. त्यापुढील वयात 'अ' व 'ब' दोन्ही प्रकारचे किरण अडवणारे, ३० किंवा अधिक एसपीएफचे मलम उघड्या भागांवर बाहेर पडण्यापूर्वी १५ ते ३० मिनिटे लावतात आणि दर दोन तासांनी व पोहल्यानंतर पुन्हा लावतात. १५ एसपीएफ सुमारे ९३ टक्के, ३० एसपीएफ सुमारे ९७ टक्के व ५० एसपीएफ सुमारे ९८ टक्के 'ब' किरण अडवते; म्हणजे आकडा दुप्पट झाला तरी संरक्षण दुप्पट होत नाही. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेली मलमे लहान मुलांच्या नाजूक त्वचेला सहसा मानवतात. सनस्क्रीनमुळे उष्माघात टळत नाही.

पाणी व आहार : मुलाला तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी द्यावे. कैरीचे पन्हे, कोकम सरबत, ताक, नाचणीची आंबील, लिंबाचे सरबत व नारळपाणी ही महाराष्ट्रातील उन्हाळी पेये पाण्याबरोबर काही प्रमाणात क्षारही पुरवतात. कलिंगड, काकडी व खरबूज यांत पाण्याचे प्रमाण भरपूर असते. उघड्यावरचा बर्फाचा गोळा वा उसाचा रस दूषित पाण्यामुळे जुलाबांना कारण ठरू शकतो आणि जुलाबांनी निर्जलीकरण अधिकच वाढते.

घर : ऊन येणाऱ्या बाजूच्या खिडक्यांना दिवसा पडदे लावणे, संध्याकाळनंतर त्या उघडणे, वाळ्याच्या ताट्या भिजवणे हे जुने उपाय शास्त्रीयदृष्ट्याही योग्य आहेत. वाळ्याची ताटी व कूलर दोन्ही पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड करतात. म्हणून ती विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत उत्तम चालतात, तर कोकणातील दमट हवेत त्यांचा उपयोग कमी होतो. कूलरच्या लोखंडी सांगाड्यात वीज उतरण्याचा धोका असल्याने तो लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा. हवेचे तापमान ४० अंशांच्या वर गेल्यास पंख्याचा वारा शरीर थंड करण्याऐवजी तापवू शकतो. अशा वेळी अंग ओल्या फडक्याने पुसावे लागते.

उभी मोटार : बंद मोटारीत मूल सोडून जाणे, थोड्या वेळासाठीही, घातक ठरते. काचांमधून शिरलेला प्रकाश आत उष्णतेत बदलतो व ती उष्णता अडकून राहते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बाहेर सुमारे २२ अंश सेल्सिअस तापमान असताना उन्हात उभ्या मोटारीतील तापमान तासाभरात ४७ अंशांपर्यंत गेल्याचे आढळले. त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली होती. काच थोडी खाली केल्याने फारसा फरक पडला नाही. लहान मुलाच्या शरीराचे तापमान प्रौढाच्या तीन ते पाच पट वेगाने वाढते. खेळता खेळता मुले स्वतःहूनही उभ्या गाडीत शिरतात व आत अडकतात; म्हणून अंगणातील गाडी कुलूपबंद ठेवणे व किल्ली मुलांच्या हाती लागू न देणे आवश्यक असते.

तान्ही बाळे

सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी देण्याची गरज नसते. आईच्या दुधाचा बहुतांश भाग पाणीच असतो व तेवढे बाळाला पुरते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. वरच्या पाण्याने बाळाचे पोट भरते, दूध पिणे घटते आणि पाणी अशुद्ध असल्यास जुलाब होतात. उन्हाळ्यात बाळाला अधिक वेळा अंगावर पाजावे व आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे. पहिल्या आठवड्यानंतर बाळाने चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी केली, तर त्याला पुरेसे दूध मिळत आहे असे समजले जाते.

बाळंतिणीच्या खोलीची दारे-खिडक्या बंद ठेवणे, बाळाला कुंची, झबले व दुपट्यात गुंडाळणे आणि न्हाणे झाल्यावर शेक-शेगडी करणे या प्रथा थंडी-पावसाळ्यात बाळाला ऊब मिळावी म्हणून रूढ झाल्या. एप्रिल-मे महिन्यांत त्याच पाळल्यास बाळाचे अंग तापते. अशा वेळी आलेला ताप संसर्गाचा की केवळ उष्णतेचा हे घरी ठरवता येत नाही. तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप असल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे. बाबागाडीवर वा दुचाकीवर नेताना बाळाचे तोंड कापडाने पूर्ण झाकल्यास आतील हवा कोंडते व तापते.

कोवळे ऊन, ड जीवनसत्त्व आणि कावीळ

सूर्यप्रकाश सर्वस्वी त्याज्य नाही. त्वचेवर 'ब' किरण पडल्याने शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते. ते हाडांच्या वाढीस आवश्यक असते व त्याच्या अभावी मुडदूस होतो. तेल लावून बाळाला सकाळच्या कोवळ्या उन्हात घेऊन बसण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. त्याने बाळाला ऊब व मोकळी हवा मिळते; मात्र सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात सूर्य क्षितिजाजवळ असल्याने 'ब' किरण फारच थोडे असतात आणि ड जीवनसत्त्व अल्प तयार होते. खिडकीची काच 'ब' किरण अडवते, त्यामुळे काचेआडून आलेल्या उन्हाचा या कामी उपयोग नाही. सावळ्या त्वचेला तेवढेच जीवनसत्त्व तयार करण्यास अधिक वेळ लागतो. आईच्या दुधातही त्याचे प्रमाण कमी असते. या अडचणींमुळे जन्मापासून एक वर्षापर्यंत बाळाला दररोज ४०० आंतरराष्ट्रीय एकक ड जीवनसत्त्वाचे थेंब देण्याची शिफारस भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना करते.

नवजात बाळाच्या काविळीवर उन्हात ठेवणे हा घरगुती उपचार म्हणून सांगितला जातो. त्यामागे एक खरा इतिहास आहे : इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात १९५० च्या दशकात, उन्हात ठेवलेल्या बाळाच्या त्वचेचा पिवळेपणा कमी होतो असे एका परिचारिकेच्या लक्षात आले व १९५८ मध्ये प्रकाशोपचारावरील पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आज रुग्णालयात त्यासाठी ठरावीक तरंगलांबीचा निळा प्रकाश वापरला जातो. घरच्या उन्हात प्रकाशाची मात्रा ठरवता येत नाही, बाळाचे अंग तापते वा उघडे राहिल्याने गार पडते आणि मुख्य म्हणजे रक्त तपासण्यास उशीर होतो. काविळीचे प्रमाण फार वाढल्यास मेंदूला कायमची इजा होते. म्हणून उन्हावर विसंबून राहणे धोक्याचे ठरते.

प्रथमोपचार

मुलाला उष्णतेचा थकवा आल्यास त्याला सावलीत किंवा गार खोलीत आणावे, कपडे सैल करावेत, अंग ओल्या फडक्याने पुसावे व घोट घोट क्षारसंजीवनी पाजावी. क्षारसंजीवनीचे तयार पाकीट पाकिटावर सांगितलेल्या पूर्ण मापाच्या पाण्यातच मिसळावे. अर्धे पाकीट अंदाजाने मिसळल्यास क्षारांचे प्रमाण बिघडते. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ मिसळतात. मीठ अधिक पडणे लहान मुलांना अपायकारक असते.

उष्माघाताची शंका येताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत थांबून न राहता शरीर थंड करण्यास आरंभ करावा. कपडे काढून अंगावर सर्वत्र पाणी ओतावे व जोराने वारा घालावा, किंवा शक्य असल्यास मुलाचे डोके आधाराने वर धरून त्याला गार पाण्याच्या टबात बसवावे. मान, काखा व जांघा येथे फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवता येतो. शुद्ध हरपलेल्या वा गुंगीत असलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. मुलाला कुशीवर निजवावे. तापावरील पॅरासिटामॉल हे औषध उष्माघातात उपयोगी पडत नाही, कारण येथे तापमान संसर्गामुळे वाढलेले नसते.

भाजलेल्या त्वचेवर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात. बर्फ थेट चोळू नये, फोड फोडू नयेत आणि तूप, दंतमंजन वा हळद लावू नये.

प्रचलित समजुती

खिशात किंवा टोपीखाली कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, या समजुतीला शास्त्रीय आधार नाही. कांदा फोडून हुंगवल्याने घोळणा थांबतो, या समजुतीचेही तसेच आहे. बहुतेक वेळा रक्त आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला मिळते. अशा उपायांनी प्रत्यक्ष इजा होत नसली, तरी त्यांच्या भरवशावर मूल उन्हात जास्त वेळ राहते किंवा उपचारास विलंब होतो. मुलांना उन्हात खेळवून 'सवय' लावण्याचा आग्रहही सावधपणे पाहावा लागतो : उष्णतेशी शरीर जुळवून घेते हे खरे, पण त्यास एक ते दोन आठवडे लागतात व त्या काळात श्रम हळूहळू वाढवावे लागतात. उन्हाळी शिबिरे व क्रीडास्पर्धा यांतील पहिले काही दिवस म्हणूनच अधिक जोखमीचे असतात.

सार्वजनिक उपाययोजना

ऑस्ट्रेलियात त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण फार असल्याने व्हिक्टोरिया राज्यात १९८१ मध्ये 'स्लिप! स्लॉप! स्लॅप!' ही मोहीम सुरू झाली. सदरा चढवा, मलम लावा, टोपी घाला असा तिचा आशय होता. १९८८ पासून 'सनस्मार्ट' कार्यक्रमाने ती पुढे नेली आणि टोपी नसेल तर मैदानात खेळ नाही, हा नियम तेथील अनेक प्राथमिक शाळांत रूढ झाला.

भारतात मुख्य प्रश्न उष्णतेचा आहे. अहमदाबादेत मे २०१० मध्ये तापमान ४६.८ अंशांवर गेल्यानंतर तेथील महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा लागू केला. दक्षिण आशियातील तो पहिला होय. याच शहरातील एका रुग्णालयात २०१० च्या लाटेत उष्णतेच्या त्रासाने अतिदक्षता विभागात आलेल्या नवजात बाळांची संख्या वाढली होती. तेथील प्रसूतिकक्ष छताखालच्या सर्वांत वरच्या मजल्यावर होता. तो खालच्या मजल्यावर हलवल्यानंतर अशा बाळांचे प्रमाण घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. यंत्रसामग्रीवाचून, केवळ जागा बदलून साधलेल्या उपायाचे हे उदाहरण मानले जाते. पुढे नागपूरसह इतर शहरांनीही असे आराखडे तयार केले.

महाराष्ट्रात उन्हाळ्यात शाळा सकाळच्या सत्रात भरवल्या जातात आणि विदर्भातील शाळा उन्हाळी सुटीनंतर राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात. शाळा सकाळची असली, तरी ती सुटण्याची वेळ मध्यान्हाच्या जवळ येत असल्यास परतीची पायपीट भर उन्हात होते. त्यामुळे सत्राच्या आरंभाइतकीच ते संपण्याची वेळही महत्त्वाची ठरते. परिपाठ व्हरांड्यात घेणे, पाणी पिण्यासाठी ठरावीक वेळी घंटा वाजवणे, अंगणवाडीच्या छपराला पांढरा चुना देणे हे अल्प खर्चाचे उपाय आहेत.

श्रमिक कुटुंबांतील मुले

दुपारी घरात राहण्याचा सल्ला सर्वांना पाळता येत नाही. वीटभट्ट्या, बांधकामे, रस्त्यांची कामे व ऊसतोड येथे काम करणाऱ्या स्त्रियांची लहान मुले दिवसभर कामाच्या जागीच असतात. ऊसतोडीच्या फडाशेजारील कोप्या व बांधकामावरील पत्र्याच्या खोल्या दुपारी बाहेरच्या हवेपेक्षाही अधिक तापतात. त्यामुळे बाळाला आत ठेवणे हा तेथे उपाय ठरत नाही.

इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने पन्नासहून अधिक स्त्री कामगार असलेल्या ठिकाणी सहा वर्षांखालील मुलांसाठी स्वतंत्र खोली देणे बंधनकारक केले. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने कामाच्या जागी पिण्याचे पाणी व मुलांसाठी सावली देण्याची आणि सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करण्याची तरतूद केली. तिला इतर मजुरांइतकीच मजुरी द्यावयाची होती. पन्नासहून कमी स्त्रिया असलेली लहान बांधकामे पहिल्या तरतुदीच्या कक्षेबाहेर राहिली.

अशा ठिकाणी झाडाखाली किंवा दुहेरी कापडाच्या मांडवात पाळण्याची जागा ठरवणे, दुपारी ती सरकवणे, भरलेला माठ जवळ ठेवणे, मुलांकडे लक्ष देण्यासाठी एका व्यक्तीला मोकळे ठेवणे आणि बाळाला पाजण्यासाठी आईला मजुरी न कापता वेळ देणे हे संरक्षणाचे प्रमुख उपाय होत.